परग्रहवासीयाच्या गळ्यातली पेटी

काळ्याभोर पाषाणावर चिकटवलेल्या ओल्या, पांढऱ्याशुभ्र पाकळ्या, समईच्या तेलाचा जड वास, आणि श्वास रोखून बसलेला अख्खा गाव! पूर्णगडच्या वाटेवर माझं आजोळ, आणि तिथल्या देवळात माझे मामा गुरव. पालखी कुणाच्या दारी आधी न्यायची, विहीर कुठे खणायची, असा काही पेच पडला की देवाला कौल लावला जाई. मूर्तीच्या उजव्या आणि डाव्या अंगाला भिजवलेल्या पाकळ्या लावायच्या, मामांनी सगळ्यांच्या वतीने गाऱ्हाणं घालायचं, लोकांनी त्यांच्या प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं, आणि मग नुसती वाट पाहायची. उजवी पाकळी आधी गळली तर होकार, डावी गळली तर नकार. दोन्ही एकदम गळल्या तर देवाने काहीच सांगितलेलं नाही असं समजून घरी जायचं, पुन्हा केव्हातरी विचारायला यायचं. मी कंटाळून चुळबुळ करू लागले की मामा खेकसायचे, "घाय नको करू गो. त्यो काय आपला नोकर हाय?"

मी रत्नागिरीत शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे पाकळी का गळते हे मला ठाऊक आहे, आणि माझा कौलावर विश्वास आहे का हा प्रश्न इथे गैरलागू आहे. पण दिवाळी अंकातली एखादी विज्ञानकथा वाचायला घ्यावी, आणि मामांचं ते खेकसणं आठवून माझं डोकं तापावं, असं वर्षानुवर्षं होत आलं आहे. तुम्हीही वाचल्या असतीलच की तशा कथा! अब्जावधी मैलांवरून कुणी जीव येतो, त्याला कदाचित तोंड नाही, कान नाहीत, काळाची जाणीवही आपल्यासारखी नाही; आणि पहिलं पान उलटायच्या आत तो गळ्यातल्या पेटीचं बटण दाबून सदाशिव पेठेत जन्मल्यासारखा शुद्ध मराठी बोलू लागतो. कुणी त्याला मनातलं वाचायची विद्या देतो. कुणी सांगतो, तो आकाशवाणी ऐकून आपली भाषा शिकला. कुणी दोघांना मूळ संख्यांच्या टिचक्या वाजवायला लावतो, म्हणजे झाली ओळख! अहो, दारी आलेल्या पाहुण्याला पाढे म्हणून दाखवले तर तो पाणी तरी मागेल का तुमच्याकडे? ज्या क्षणासाठी कथा लिहायची, दोन अपरिचित मनं समोरासमोर उभी राहून एकमेकांपुढे संपूर्ण निरक्षर होतात तो विलक्षण, भयचकित क्षणच नेमका हे लोक गिळून टाकतात. मग तो जीव इतक्या लांबून आला तरी कशाला? पेणहून आला असता तरी चाललं असतं.

कोकण रेल्वे सुरू झाल्याला दोनतीन वर्षं झाली असतील तेव्हा मी रागारागाने स्वतःच एक कथा लिहिली. आमच्या कातळसड्यावर, त्या उघड्या खडकाळ पठारावर, एक जीव उतरतो, आणि रोज तिथे गुरं नेणारी एक बाई त्याला भेटते. शेवटपर्यंत दोघांना एकमेकांचा एक शब्द कळत नाही. ती त्याच्यापुढे दोन बाजूंना दोन फुलं ठेवते आणि वाट पाहते. तो कधी एक हलवतो, कधी दुसरं, कधी काहीच नाही. मग एके दिवशी तो निघून जातो. पुण्याच्या संपादकांचा श्रावणात फोन आला. कथा त्यांना आवडली होती, म्हणजे संपादकांना आवडते तशी. "बाई, सगळं छान आहे, पण तो बोलतच नाही हो! वाचकाला काहीतरी कळायला नको? एक भाषांतरयंत्र टाका की गळ्यात. दोन ओळींचं तर काम." मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. फोन ठेवला तेव्हा माझे कान तापलेले होते.

कारण त्याच वेळी माझ्या घरात, माझ्यासमोर खाटेवर, आई बसलेली होती. वैशाखात तिला अर्धांगाचा झटका आला. उजवं अंग गेलं आणि भाषा गेली. जिच्या ओव्या ऐकत आम्ही वाढलो, जी माशाच्या भावावरून अर्धा तास हसत हसत भांडायची, तिच्यापाशी एकच शब्द उरला, तोही माहेरच्या देवळातला. 'व्हय.' चहा हवा का? व्हय. नको का? व्हय. पाय दुखतो? व्हय. मी कोण, तुझी आई का? व्हय! आणि डोळे मात्र आतून दारावर धडका मारत असलेले. काय म्हणायचं असेल तिला? कुणाला ठाऊक! त्या डोळ्यांइतकं दूरचं आकाश मी कुठल्याही दुर्बिणीतून पाहिलेलं नाही.

गणपतीला ठाण्याहून दादा आला. माझा थोरला भाऊ. वाईट माणूस नव्हे. त्याला आईला घेऊन जायचं होतं, तिथे डॉक्टर चांगले म्हणून. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी दारात जीप उभी करून तो तिच्यापुढे वाकला आणि मोठ्याने, बहिऱ्याशी बोलावं तसा बोलला, "आई, ठाण्याला येतेस ना?" आई म्हणाली, "व्हय." दादाने माझ्याकडे वळून सांगितलं, "बघ, ती येते म्हणते." आणि तो बॅग भरू लागला.

हीच ती पेटी! माझ्या घरात, माझ्या सख्ख्या भावाच्या गळ्यात! समोरच्याच्या तोंडून आपल्याला हवं तेच वदवून घेणारी, आणि वर त्याच्याच नावाने खपवणारी. मी परसातून तगरीची दोन फुलं आणली, भिजवली आणि पाटावर ठेवली, आईच्या डाव्या हातापासून सारख्याच अंतरावर. हे फूल इथे राहायचं, हे ठाण्याचं, असं मामांसारखं स्पष्ट बोलून सांगितलं. दादा चिडला. "काय पोरखेळ मांडलायस? आई म्हणजे काय दगडाचा देव आहे?" मी म्हटलं, "दगडाला विचारतोस तेव्हा तासभर हात जोडून थांबतोस रे. हिला विचारताना एक श्वास तरी थांबलास का?" त्याने बॅग खाली ठेवली. तोही त्याच आजोळचा ना!

जीपवाल्याने दोनदा हॉर्न वाजवला. आई फुलांकडे पाहत राहिली. मध्येच पुटपुटली, "व्हय, व्हय." मग डावा हात सावकाश पुढे आला, एका फुलावर थांबला, दुसऱ्यावर गेला, आणि तिने दोन्ही फुलं एकदम मुठीत आवळली. दादाला त्यात ठाणं दिसलं असेल, मला घर दिसलं. तिला आम्ही दोघं हवे होतो असंही म्हणता आलं असतं, आणि दिवाळी अंकात ते किती शोभलं असतं! पण मी ते म्हटलं नाही. दादाच हळूच म्हणाला, "कौल नाही झाला. दिवाळीत येतो, परत विचारू." बॅग रिकामी करून ठेवली आणि एकटाच निघाला. जाताना तिच्या पायांवर डोकं टेकून बराच वेळ राहिला.

दुपारी मी पुण्याला फोन करून सांगितलं की पेटी टाकणार नाही, कथा परत पाठवा. त्यांनी पाठवली. मी जिंकले असं तुम्हाला वाटेल. पण खरं सांगू? तशी पेटी जगात कुठे असती, तर मी तत्त्वबित्त्व गुंडाळून ठेवून अनवाणी धावत गेले असते आणि त्याच क्षणी आईच्या गळ्यात ती घातली असती. म्हणूनच तर इतका राग येतो. ज्या वस्तूसाठी मी जीव टाकते, ती ही माणसं दोन ओळींत फुकट वाटत सुटतात!

संध्याकाळी तिचा हात धुवायला मूठ उघडली. फुलं चुरगळली होती, पण एक पाकळी ओल्या तळहाताला अजून चिकटून होती. मी विचारलं, "आई, काढू ही?" ती म्हणाली, "व्हय." मी पाण्याचं भांडं खाली ठेवलं, तिचा हात तसाच हातात धरला आणि पाकळी गळायची वाट पाहत बसले.