शेवटच्या धुलाईचं पाणी

अमरावतीबाहेरच्या औद्योगिक वसाहतीत सूत रंगवण्याचा एक कारखाना आहे. माझा नवरा तिथं पाण्याचं आणि बॉयलरचं काम सांभाळायचा. मी तिथंच प्रयोगशाळेत रंग जुळवते. आमचं लग्नही तिथल्याच ओळखीतून झालं.

सूत रंगवायला पाणी लागतं, पण त्याहून कितीतरी जास्त ते धुवायला लागतं. रंगून निघालेला प्रत्येक लॉट पुन्हा पुन्हा धुवायचा आणि ते सगळं पाणी नालीत सोडायचं. उन्हाळ्यात पाणीपुरवठा कमी झाला की कारखाना बंद पडायचा. रोजंदारीवरची माणसं डबे घेऊन घरी जायची. काही जण सुरतेला निघून जायचे, ते परत यायचेच असं नाही.

नवरा अकोल्याकडच्या खारपाणपट्ट्यातला. त्याच्या गावच्या विहिरीचं पाणी खारट. डाळ त्यात शिजत नसे आणि साबणाला फेस येत नसे. लहानपणी तो तेच पाणी प्यायला. नालीतून वाहणारं पाणी त्याला बघवायचं नाही. एका संध्याकाळी तो शेवटच्या धुलाईचं पाणी काचेच्या भांड्यात भरून माझ्यासमोर घेऊन आला.

"याच्यात काय खराब हाये, सांग बरं."

मी तपासलं. रंग जवळजवळ नव्हताच. "काई नाई. चांगलंच हाये."

"मंग हे कावून फेकून राहिलो आपण? पुढच्या लॉटची पयली धुलाई याच्यातच करू न."

कारखान्याचे शेठ तयार झाले, पण माल परत आला नाही पाहिजे म्हणाले. त्यानं जुनी टाकी साफ करून घेतली, पाइप फिरवले. मशीन थंड करून वाया जाणारं पाणीही त्याच टाकीत वळवलं. पहिल्याच लॉटला घात झाला. गडद निळ्यानंतरचं पाणी पिवळ्या सुताला लागलं आणि पिवळ्यावर हिरवट डाग उतरले. शेठ सगळ्यांसमोर त्याला बोलले. घरी आल्यावर तो म्हणाला, "तू मले सांग, कोन्त्या रंगाचं पाणी कोन्त्या रंगाले चालते." मग आम्ही दोघं रोज काम सुटल्यावर प्रयोगशाळेत बसायचो. मी सुताच्या लड्या वेगवेगळ्या पाण्यात बुडवून पाहायची, तो शेजारी बसून शेंगदाणे सोलायचा आणि निम्मे माझ्यापुढे सरकवायचा. आमच्या संसारातला तो सगळ्यात सुखाचा काळ होता. हळूहळू जमत गेलं. फिक्या रंगांची टाकी वेगळी झाली आणि डाग थांबले.

त्याच वर्षी हिवाळ्यात त्याचे पाय सुजायला लागले. उभं राहून राहून सुजले असतील, असं तो म्हणायचा. तपासण्या झाल्या तेव्हा दोन्ही मूत्रपिंडं जवळपास निकामी झाली होती. गावाकडच्या पाण्यानं असं झालं का, असं मी डॉक्टरांना विचारलं. नक्की सांगता येत नाही, म्हणाले. गावात मात्र कुणाला शंका नव्हती. त्याचा काकाही असाच गेला होता.

डायलिसिस सुरू झालं आणि डॉक्टरांनी त्याचं पिण्याचं पाणी अगदी मोजकं केलं. दिवसभराचं पाणी मी सकाळी एका बाटलीत भरून ठेवायची. गोळ्या त्यातच, चहाही त्यातच. तो ओठ ओले करायचा आणि झाकण लावायचा. अमरावतीचं ऊन तापायला लागलं तशी त्याची जीभ कोरडी पडून शब्द अडखळायला लागले. मी स्वयंपाकघरात लपून पाणी प्यायची. एकदा त्यानं पाहिलं.

"अवं, माह्यासमोरच पी न. तुले पेताना पायलं तरी बरं वाटते मले."

त्या दिवशी मला पाणी गिळवलं नाही.

मे महिन्यात कारखान्यातले रंगारी चाचा भेटायला आले. परतवाड्याचे, रंगकाम त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या. त्याच्या पायाशी बसून म्हणाले, "साहब, इस साल कंपनी बंद नाही झाली. सगळे पोट्टे कामावर हायेत. सुरतले कोनीच गेलं नाही."

नवरा हसला. मग त्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं. चाचांनी रुमाल डोळ्यांना लावला.

जूनच्या सुरुवातीला डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. आता त्यांना हवं ते द्या, म्हणाले. मला अर्थ कळला. मी माठातलं पाणी मोठ्या पेल्यात काठोकाठ भरून आणलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्यालाही कळलं असावं.

"पुरं देऊन राहिली?"

"हो. प्या तुमी."

मी त्याचं डोकं हातावर घेतलं. दोन घोट गेले. तिसरा ओठांवरून खाली ओघळला. "बस," तो म्हणाला, "आता जमत नाई." दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला. गावाकडे नेलं त्याला.

पुढं कारखान्याला लागणारं पाणी निम्म्याच्या आसपास आलं. वाचलेल्या पाण्यावर शेठनी आणखी एक मशीन घेतलं, म्हणजे नदीला किंवा कुणाच्या विहिरीला त्यातलं काही गेलं नाही. पण नवीन माणसं कामाला लागली. त्याला हे आवडलं असतं की नाही, मला खरंच ठरवता येत नाही. विचारायला तो नाही.

मशीन सुरू करायच्या दिवशी शेठनी नारळ माझ्या हातात दिला. मागून कुणीतरी बाई कुजबुजली. "ताईच फोडतील," शेठ ठामपणे म्हणाले. माणूस भला, पण मला फोडवेना. मी नारळ चाचांकडे दिला आणि प्रयोगशाळेत येऊन दार लावलं. माझ्या शेजारची त्याची खुर्ची अजून तिथंच होती. बाहेर नारळ फुटला, टाळ्या वाजल्या आणि मशीनमध्ये पाणी भरायला लागल्याचा आवाज भिंतीतून येत राहिला. मी टेबलावर डोकं ठेवून रडले. नंतर तोंड पुसलं, कारण नव्या लॉटचा नमुना तपासायला आला होता.