कॅमेऱ्याची आगाऊ वर्दी

आमच्याकडं एक रीत आहे. गाडी घ्यायची आपण, चालवायची आपण, पण कागदावर नाव लावायचं घरच्या लक्ष्मीचं. मीही लावलं. बोनेटला हार घातला, पेढे वाटले, गल्लीभर मिरवलो. हायवेवरच्या कॅमेऱ्यानं माझा फोटो काढला की दंडाचा मेसेज बायकोच्या मोबाइलवर जाऊन पडणार, हे तेव्हा कुठं ठाऊक होतं!

पहिला मेसेज आला तेव्हा मी ठोकून दिलं, त्यांचं मशीन बिघडलंय. दुसऱ्याला म्हणालो, तिथं उतार होता. तिसऱ्याला तिनं फोटोच माझ्या नाकासमोर धरला.

"आवं, ही आपलीच गाडी न्हवं? आता जर परत मेसेज आला, तर तुमच्या गाडीत पाय ठेवायची न्हाई मी. यष्टीनं जाईन."

ती बोलली म्हणजे करणार. त्यात आठवड्यावर लेकीच्या घराची वास्तुशांत आलेली, कडेगावला. आई यष्टीतून उतरतेय आणि बाप कारमधून, हे पाहुण्यांनी बघितलं असतं तर माझी काय शोभा राहिली असती!

दुसरा कुणी असता तर गप हळू चालवायला लागला असता. पण मी पडलो फौजेतला ड्रायव्हर. बर्फातनं, कड्यावरनं ट्रक नेलेले. मला कोण वेग शिकवणार? मी डोकं लढवलं आणि साताऱ्यात गाडीच्या सामानाच्या दुकानात जाऊन नकाशाचा स्क्रीन बसवून घेतला, कॅमेरा यायच्या आधी सावध करणारा.

"फौजी, लांबनं सांगू दे का जवळ आल्यावर?" दुकानदारानं विचारलं.

"लांबनंच. शत्रू छातीवर आल्यावर सांगून काय उपेग?"

"आन् नुसती शिट्टी ठेवू का बोलणारा?"

बोलणाराच पाहिजे होता. मग स्थळ बघायला गेल्यासारखा मी एकेक आवाज ऐकत बसलो. पुरुषाचा आवाज ऐकला की मला आमचे सुभेदार आठवतात, म्हणून मराठी बोलणारी बाई निवडली. कॅमेऱ्यांची ठिकाणं नेटवरून त्यात उतरवून घेतली, पुन्हा पुन्हा तपासली. येताना शीळ घालतच घरी आलो.

वास्तुशांतीच्या दिवशी मागच्या सीटवर आहेराची पातेली ठेवली आणि आम्ही दोघं निघालो. हायवेवर बाई लय कामाची निघाली. "पुढे स्पीड कॅमेरा आहे," म्हणाली की मी पाय उचलायचो. कॅमेरा मागं पडला की पुन्हा दाबायचो. शेजारी बायको पुढं-मागं हिंदकळत होती.

"बघितलंस? आता एक मेसेज येऊ दे, मिशी उतरवतो," मी म्हणालो.

तिनं सीटचा पट्टा आणखी आवळून घेतला. तिला पटलं, असं मी धरून चाललो.

कराडात वळून आम्ही कडेगावच्या रस्त्याला लागलो आणि स्क्रीनमधली बाई गप्प झाली. कॅमेराच नाही तर ती बोलणार काय? मला मात्र ती परवानगीच वाटली. मुहूर्ताला उशीर होत होता, मी दाबली गाडी. घाटाच्या अलीकडं एका वळणावर उसाच्या ट्रॉल्या बंद पडून उभ्या होत्या. काय सांगू! ब्रेकवर उभाच राहिलो. टायर किंचाळले, मागची पातेली खणखणत खाली आली आणि उसाचे शेंडे पुढच्या काचेला टेकले तेव्हा गाडी थांबली.

 बायकोचे ओठ पांढरे पडले होते. थोड्या वेळानं तिनं पदर सारखा केला आणि दार उघडलं.

"अगं, पण मेसेज कुठं आलाय?" मी म्हणालो. खरंच, हेच म्हणालो. आठवलं की अजून स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. मागून विट्याची यष्टी येत होती. तिनं हात केला, यष्टी थांबली, आणि काठापदराची साडी सावरत ती चढली.

काय करणार? लागलो यष्टीच्या मागं. घाटात यष्टी रांगली, मीही रांगलो. ती थांबली की मी थांबायचो. मागच्या काचेतून बायकोचा अंबाडा दिसत होता, त्यावरनं माझी नजर हलत नव्हती. पुढं काढायला दोनदा मोकळा रस्ता मिळाला, पण धाडस झालं नाही. एका खड्ड्यात यष्टी जोरात आदळली तेव्हा त्या ड्रायव्हरला मी मोठ्यानं शिवी हासडली.

तेवढ्यात तिचा फोन आला. आवाज स्क्रीनच्याच स्पीकरमधून घुमला.

"एवढं हळू कवापासनं चालवाया लागला?"

"तू हायस न्हवं त्या यष्टीत. म्हणून."

 ती म्हणाली, "आन् मघाशी मी कुठं बसले होते?"