वाजवी म्हणजे किती?

सरकारी कचेरीत फायलींचा ढीग पडतो, असं लोकांना वाटतं. फायली वाळवी खाते हो! खरा ढीग पडतो किश्शांचा. नव्वदच्या दशकात मी सुरतेत, सावकार आणि फायनान्सवाल्यांवर नजर ठेवणाऱ्या कचेरीत होते. तिथे असं काही ऐकायला मिळायचं की डबा खाताना घास हातातच राहायचा.

नियम साधा होता. व्याजाशिवाय कर्जदाराकडून घ्यायचा तो फक्त खरोखर झालेला, वाजवी खर्च. पण वाजवी म्हणजे किती? आमचे देसाईसाहेब प्रत्येक फीला तीनच प्रश्न विचारायचे. काम झालं का? कोणाच्या फायद्यासाठी झालं? आणि बाजारात त्याचे किती पडतात?

एका प्रकरणाने तर आम्हा दोघांची झोप उडवली.

* * *

सिंधूबाई धुळ्याकडची, राहायला बमरोलीत, नवरा लूमवर कामाला. शेजारच्या उधन्यातल्या एका शेठच्या फायनान्सकडून तिने पायमशीन हप्त्यावर घेतलं होतं. फ्रॉक, ब्लाउज शिवून पोरांच्या शाळेची फी भरायची. हप्ते सगळे फेडले. तरी ‘चार्जेस बाकी’ म्हणून शेठची माणसं मशीन उचलून घेऊन गेली!

साहेब गुजराती, बाईची अहिराणी, म्हणून मला मध्ये बसवलं. तिचं एकच विचारणं, "ताई, मनं मशीन माले भेटी ना?"

भेटी म्हणायची माझी छाती होईना.

* * *

साहेबांनी शेठला चार्जेसच्या यादीसकट कचेरीत बोलावलं. यादीत पहिली निघाली ‘फॉर्म फी’. आकडा बघून मला वाटलं, चुकून एक शून्य जास्त पडलंय. साहेबांनी तो छापील फॉर्म माझ्या हातात दिला आणि मला बाजारात पिटाळलं. "भाव काढून या, कुलकर्णीबेन."

स्टेशनरीवाल्याला फॉर्म दाखवला, शेठची रक्कम सांगितली. तो आधी हसला, मग मी खरंच सांगतेय हे कळल्यावर गंभीर झाला.

"बेन, आटला आपो तो हुं दुकान बंध करीने घेर जतो रहुं!" एवढे मिळाले तर म्हणे तो दुकान बंद करून घरीच जाईल.

* * *

मग ‘वसुली खर्च’. मशीन उचलायला जी दोन माणसं गेली, त्यांचं रिक्षाभाडं सिंधूबाईच्या नावावर! म्हणजे लुटायला येणाऱ्याचं तिकीटही आपणच काढायचं! मी शेठला तसं म्हटलंसुद्धा.

शेठ शांत. "मग काय चालत येतील, बेन? मशीन जड असतं."

त्याखाली होता त्याच दोघांचा ‘चहा-नाश्ता’. साहेबांनी मला खूण केली, बाईला विचारा. मी विचारलं, तेव्हा इतका वेळ मान खाली घालून बसलेली सिंधूबाई ताडकन उभी राहिली.

"च्या ते मनाच घरना व्हता!"

* * *

‘वकील सल्ला फी’ चांगली जाडजूड होती. साहेब म्हणाले, वकिलांना बोलवा. आला तो शेठचा मुलगा! वकिलीच्या पहिल्याच वर्षाला दोनदा बसलेला.

"शी सलाह आपी?" काय सल्ला दिलास, असं साहेबांनी विचारलं.

मुलगा बापाकडे बघायला लागला. शेवटी बापानेच उत्तर दिलं, आणि तेही अभिमानाने.

"के वकील फी लेवी जोईए!" सल्ला हाच, की वकील फी घ्यायला हवी!

मी पाणी पीत होते. ठसका लागला तो थांबेना.

* * *

सगळे बाण संपल्यावर शेठने हुकमी बाण काढला. "साहेब, बाईने सही केलीय. आणि उधन्यात सगळे एवढंच घेतात. विचारा कोणालाही."

साहेबांचा आवाज कधी चढायचा नाही. त्या दिवशी चढला. "सगळे एकाच भावाने लुटतात म्हणून लूट वाजवी होते का?"

शेठला खरंच आश्चर्य वाटलं. आजही त्याचा तो चेहरा आठवला की मला धक्का बसतो. माणसाला मनापासून प्रश्न पडला होता, की यात चूक ती काय!

* * *

हुकूम निघाला. चार्जेस उडाले, मशीन परत द्यायचं ठरलं. एकच खर्च साहेबांनी वाजवी धरला, जप्त मशीन सांभाळल्याचं गोदामभाडं. मी भडकले. साहेब म्हणाले, "राग वेगळा, न्याय वेगळा. वस्तू ठेवायला जागा लागतेच. भावही बाजाराचाच आहे." सिंधूबाईने पदराची गाठ सोडून तेवढे पैसे भरले.

हातलारीवरून मशीन आमच्या कचेरीत आलं. सोबत शेठ. सिंधूबाईने वरचं फडकं काढलं आणि तिचा हात तसाच राहिला.

सुईखाली लहान मुलीच्या फ्रॉकची बाही अडकली होती. गुलाबी. अर्धी शिवलेली, टाका चालू असतानाच थांबलेली. "हाई मनी नही," ती म्हणाली.

साहेबांनी चष्मा काढला. "शेठ, गोदामात कोण शिवत होतं?"

ज्या गोदामाचं भाडं बाईने भरलं, तिथे तिच्याच मशीनवर दुसरी कोणी शिवत होती!

सिंधूबाईने माझं स्टूल ओढलं, बसली, पायडल मारलं. सगळी कचेरी काम सोडून बघत होती. बाही पुरी झाल्यावर तिने दाताने दोरा तोडला, घडी घातली आणि शेठपुढे धरली.

"ज्या बाईनी हाई बाही शे, तिले दी टाका, शेठ. आनि तिले सांगा, शिवाना काहीच चार्ज नही."