माझी प्रकृती पित्ताची

लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात मला दुपारी आंबट ढेकर आणि डोकेदुखी सुरू झाली. तेव्हा आम्ही निलंग्यात राहत होतो. सासूबाई मला एसटीनं लातूरला, त्यांच्या ओळखीच्या वैद्यांकडे घेऊन गेल्या.

वैद्य वयस्कर होते, सावकाश बोलायचे. त्यांनी नाडी धरली, जीभ पाहिली आणि मग प्रश्न विचारायला सुरुवात केली. भूक लागल्यावर थांबवतं का? ऊन सोसतं का? घाम किती येतो? वाचलेलं ध्यानात राहतं का? माझ्याबद्दल एवढं आजवर कुणी विचारलं नव्हतं. लग्न ठरवताना तर नाहीच.

शेवटी ते म्हणाले, "पित्तप्रकृती आहे."

मग त्यांनी समजावून सांगितलं. वात, पित्त आणि कफ प्रत्येकातच असतात, पण जन्मताच कुणात एक जास्त असतं, कुणात दुसरं. ती ठेवण जन्मभर बदलत नाही. पित्ताच्या माणसाची बुद्धी तल्लख, भूक कडक, केस लवकर पिकतात, राग लवकर येतो. अशा माणसाला उपाशी ठेवायचं नाही. तिखट-आंबट कमी, साजूक तूप जास्त, आणि जेवण वेळेवर. हे शेवटचं त्यांनी सासूबाईंकडे बघून दोनदा सांगितलं.

परतीच्या गाडीत मी खुशीत होते. माहेरी मला हट्टी म्हणत. इथं एका परक्या माणसानं माझ्यातला कुठलाच गुण किंवा दोष न वगळता मला ओळखलं होतं.

घरात मात्र त्यातलं एकच टिकलं, राग. भुकेचं कुणी नाव काढलं नाही. सासरे, नवरा, दीर, मग सासूबाई आणि शेवटी मी, ही जेवायची रीत होती तशीच राहिली. माझी पाळी येईपर्यंत ऊन कलायला लागायचं, आणि भाजी संपलेली असली की मिरचीचा खरडा आणि भाकरी. त्यावर पुन्हा ढेकर यायचे आणि सासूबाई शेजारणीला सांगायच्या, "औषध लई चांगलं हाय, पण हिचं पित्तच दांडगं."

अहमदपूरला माझे वडील आजारी होते. मला चार दिवस जाऊ द्या म्हणून मी तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा आवाज चढला. सासूबाई दिराला म्हणाल्या, "धन्याचं पाणी दे तिला. खवळलंय पित्त." मी गेले ते वडील गेल्यावर.

नवऱ्याची प्रकृती सासूबाईंनी घरीच ठरवली होती. पोरगा कफाचा, म्हणून शांत. दुपारची झोप कफाची. कुठल्याही गोष्टीला 'बघू' म्हणणं, तेही कफाचंच. त्याच्या बघण्यात कितीतरी गोष्टी परस्पर मिटून जायच्या.

माझं बी.एड. लग्नाआधीच झालं होतं. नांदेडच्या एका शाळेत मुलाखतीला जायला मिळालं, कारण त्याच दिवशी तिकडे नातेवाइकांकडे बारसं होतं. माझी निवड झाली. रुजू व्हायला थोडा अवधी होता. खोली बघायची, तान्ह्या मुलीला सोबत न्यायचं, शनिवारी घरी यायचं, सगळं मी नवऱ्यापुढं मांडलं. तो बघू म्हणाला. मुदत निघून गेली तेव्हा मी स्वयंपाकघरात उभी राहून त्याला नको ते सगळं बोलले. तो चिडला नाही. बाहेर गेला आणि मोरावळ्याची बरणी घेऊन आला.

"सकाळ-संध्याकाळ चमचाभर खात जा," तो म्हणाला. "बरं वाटंल तुला."

खेकसला असता तर मी भांडले असते. बरणी घेऊन उभ्या असलेल्या माणसाशी काय भांडायचं?

काही दिवसांनी मी एकटीच वैद्यांकडे गेले. कधी जेवता, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं. मग औषध लागू कसं पडणार, असं ते म्हणाले. मी विचारलं, "माझं म्हणणं खरं असेल, आणि तरी मला राग आला, तर तेही पित्तच का?"

राग कुठल्याही प्रकृतीला येतो, असं ते म्हणाले. प्रकृती म्हणजे आजार नाही. मला वाटलं, आता हे माझ्या बाजूनं काही बोलतील. पण त्यांनी पुड्या बांधायला घेतल्या. "घरात थोडं सांभाळून घ्यावं लागतं. पुढच्या वेळी यजमानांना घेऊन या."

यजमान आले नाहीत. मला काय झालंय, असं नवऱ्यानं उलट विचारलं. मीही पुन्हा गेले नाही.

पुढं आम्ही लातूरला आलो, सासूबाई गेल्या, मुलगी शिकून बाहेर पडली. नोकरीचं वय निघून गेलं. मी फारसं बोलेनाशी झाले. नणंद सगळ्यांना सांगते, वयानं वहिनीचं पित्त उतरलं.

गेल्या लग्नसराईत नांदेडला एका कार्यालयात जेवायला उभे होतो. एक बाई जवळ आल्या आणि त्यांनी माझं माहेरचं आडनाव घेतलं. त्याच शाळेत माझ्याबरोबर निवडल्या गेलेल्या. मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झालेल्या. म्हणाल्या, "आम्ही तुमची वाट बघत होतो. का आला नाहीत हो?"

मी तोंड उघडायच्या आत नवरा म्हणाला, "तब्येत साथ देत नव्हती हिची. पित्ताचा लई त्रास."

"पित्तामुळं नाही," मी म्हणाले. "मला येऊ दिलं नाही."

आवाज चढला होता का, मला माहीत नाही. शेजारचे दोघं-तिघं वळून बघायला लागले. नवरा हसला आणि त्या बाईंना म्हणाला, "बघा. अजून तसंच हाय."

त्याही हसल्या, सभ्यपणानं. मग ताट सावरत जिलबीच्या टेबलाकडे गेल्या.