अप्पांचा कावळा आणि मुधोळचा बाण

वर्षश्राद्धाच्या दिवशी आमच्या अप्पांचा आत्मा पावणेदोन तास अतृप्त राहिला, आणि त्याला कारण त्यांचा मुलगा नसून मुलाचा कुत्रा होता. (मुलगा मी.)

इंग्रजांचं राज्य होतं, मी धारवाडात वकिली करत होतो आणि मालमड्डीला राहत होतो. अप्पा जाऊन महिना झाला असेल. मुधोळकडच्या एका शेतकरी पक्षकाराने, खटला जिंकल्याच्या आनंदात, तिकडच्या शिकारी जातीचं एक पिल्लू मला आणून दिलं. जाताना म्हणाला, "वकीलसाहेब, ह्या जातीचं डोकं मानेपेक्षा बारीक असतंय बघा. पट्टा नुसता शोभेला!" मी हसलो. कायद्याच्या माणसाला बंधनं कशी घालावीत हे शेतकऱ्याने शिकवावं!

पिल्लाचं नाव मी बाण ठेवलं. वर्षभरात तो मांडीएवढा उंच झाला. सगळे पायच पाय आणि उरलेल्या बरगड्या. रोज सहा भाकऱ्या खाऊन आणि माझ्या वाटणीचं दूध पिऊनही त्या बरगड्या लांबून मोजता यायच्या. दूध घालणारी गंगव्वा दररोज फाटकात उभी राहून हळहळायची, "अय्यो पाप! ऊटा हाकूदिल्लेनु?" वकील कुत्र्याला जेवायला घालत नाहीत, ही बातमी तिच्यामार्फत कोर्टापर्यंत पोचली.

त्याला हाक मारली की तो मान वळवून माझ्याकडे बघायचा, माझा अर्ज वाचायचा आणि बहुधा फेटाळायचा. हलणारी वस्तू दिसली की मात्र संपलंच! मांजर, खार, टांगा, सायकलवरचा पोस्टमन, सगळ्यांना त्याने मालमड्डीच्या हद्दीबाहेर पोचवलं होतं.

श्राद्धाच्या आदल्या दिवशी ही म्हणाली, "अहो, उद्याच्या दिवस त्याला कुणाकडे तरी ठेवा. श्राद्धाच्या पानावर कुत्र्याची नजर पडू नये म्हणतात."

"काही गरज नाही. पुढच्या अंगणात बांधतो. माझ्या शब्दाबाहेर नाही तो! मी 'बस' म्हटलं की बसतो."

"तुम्ही म्हणता तेव्हा तो बसलेलाच असतो," ही म्हणाली आणि डाळ निवडायला लागली.

दुसऱ्या दिवशी मी बाणाला नवा कोरा चामडी पट्टा घालून पुढच्या पेरूला बांधला. विधी झाला, भटजींचं जेवण झालं, परसातल्या गोठ्याच्या कौलांवर कावळ्याचा घास ठेवला. कावळा शिवल्याशिवाय घरच्यांनी पानावर बसायचं नाही, ही आमच्या घरची रीत. आम्ही सगळे हात जोडून आभाळाकडे बघत उभे राहिलो.

कावळे आले. चांगले आठ-दहा आले! घिरट्या घातल्या, खाली झेपावले आणि "काव!" करून उधळून गेले. असं तीनदा झालं. घरात वडे गार होत होते, खिरीवर साय धरत होती.

"काहीतरी राहिलंय मनात," भटजी ढेकर देत म्हणाले. (ते जेवले होते, त्यामुळे त्यांना घाई नव्हती.) "बोला, थोरल्या मुलानं शब्द द्यावा."

अप्पांची धाकटी बहीण, म्हणजे आमची आत्या, लगेच पदर डोळ्याला लावून पुढे आली. "दादाला मला काशीला न्यायचं होतं की रे, अण्णा!"

अप्पा तिला हुबळीलासुद्धा न्यायला तयार नसत. पण पोटात आग पडली होती. मी मोठ्याने म्हणालो, "अप्पा, आत्याला काशी घडवीन!" एक कावळा कौलापर्यंत आला, थबकला, परत फिरला.

"बघ! पटलंय त्याला, पण आणखी आहे," आत्या म्हणाली.

मग धाकटा भाऊ वसंता खाकरला. "अण्णा, मी पेटी शिकावी अशी अप्पांची फार इच्छा होती." (त्याची पहिली पेटी अप्पांनी स्वतःच्या हाताने आडात टाकली होती!) मी पेटी कबूल केली. तेवढ्यात ही हळूच म्हणाली, "स्वयंपाकघराला धुराडं बसवायचं मामंजींच्या मनात होतं." धुराडंही कबूल केलं. कावळे येत होते आणि जात होते. अप्पांच्या इच्छा इतक्या वाढल्या की हयातीत ते इतके गप्प कसे राहिले याचं मला नवल वाटायला लागलं.

शेवटी आत्याने कपाळावर हात मारला. "कुत्रं! दादाला कुत्री कधी आवडली नाहीत. ते घालवतो म्हण, आत्ता येतंय बघ कावळं!"

खोटं सांगत नाही, माझी भूकच मेली. अप्पा असताना रोज संध्याकाळी आम्ही दोघे केलगेरीच्या तळ्यापर्यंत फिरायला जायचो. ते गेल्यावर महिनाभर मी ती वाट टाळली होती. मग हा बरगड्यांचा सापळा आला आणि मला ओढतच तिकडे घेऊन गेला. त्याला घालवायचं म्हणजे पुन्हा एकट्याने चालायचं.

"बोल की, अण्णा! उपाशी मारतोस काय सगळ्यांना?"

मी डोळे मिटले. "अप्पा... बाणाला मी..."

एवढ्यात एक धीट कावळा घासाच्या वीतभर जवळ उतरला, आणि गोठ्याला लागून असलेल्या कडब्याच्या गंजीच्या माथ्यावरून काहीतरी पांढरं सणकन सुटलं! कावळा पुढे, बाण मागे. कुंपण ओलांडून दोघेही केलगेरीच्या दिशेने दिसेनासे झाले. पुढच्या अंगणात जाऊन बघितलं, तर पेरूखाली नवा कोरा पट्टा, बक्कलही न उघडता, शांत पडला होता. इतका वेळ आम्ही सगळे आभाळाकडे बघत होतो आणि कावळे बिचारे गंजीकडे बघून पळत होते.

बाणाची पाठ वळताच बाकीचे कावळे घासावर तुटून पडले.

मी ताबडतोब युक्तिवाद केला. "कावळे कुत्र्यामुळे शिवत नव्हते. अप्पांचा काही संबंध नव्हता. सबब दिलेले सगळे शब्द रद्द!"

"कावळ्यासमोर बोललास की," आत्या पानावर बसत म्हणाली.

भटजींनी निकाल दिला: पुरे उच्चारलेले शब्द बंधनकारक, कुत्र्याचा शब्द अर्धा राहिला, सबब कुत्रा राहील. निकाल ऐकून मी दोन वडे जास्त खाल्ले. बाण दिवेलागणीला परत आला, चिखलाने माखलेला आणि अतिशय प्रसन्न.

त्या वर्षात काशी झाली, पेटी आली, धुराडं बसलं. पुढच्या श्राद्धाला मी शहाणपणाने बाणाला शेजारी नेऊन ठेवायला निघालो, तर फाटकात आत्या उभी! तिने त्याला स्वतःच्या हाताने दूधपोळी भरवली आणि म्हणाली, "असू दे की रे, कशाला बांधतोस मुक्या जनावराला? दादाच्या मनातलं रामेश्वर राहिलंय अजून."

मागे परसात जाऊन बघितलं, तर वसंता गंजीला शिडी लावत होता आणि ही त्याला शिडी धरून देत होती.

आमच्या घरात सगळ्यांचं ऐकणारा प्राणी एकच आहे, आणि त्याला पट्टा लागत नाही. (तो वकील आहे.)