कडू पाण्याची कासिमिरा

"जाळून टाक त्या खरजुल्यांना! माझ्या चुलीपाशी मला रोगराई नको."

"चूल तुमची आहे सासूबाई, कुव्या माझ्या आहेत. हात लावून तर बघा."

हे भांडण मी भिंतीपलीकडून ऐकलं. मी तेव्हा नवी नवरी होते, डोंगरातल्या या उर्कोपाता गावात येऊन दोन महिनेही झाले नव्हते. बटाटे सोलायचे सोडून मी मातीच्या भिंतीला कान लावून बसले. भिंत पातळ होती, आणि तोरिबिया म्हातारीचा आवाज तर दगडी भिंतीतूनही गेला असता.

तोरिबिया म्हणजे कासिमिराची सासू. कासिमिरा माझ्याआधी वर्षभर लग्न होऊन त्या घरी आलेली. आमच्याकडे शेत सासऱ्याचं, मेंढ्या नवऱ्याच्या, पण कुव्या बाईच्या. शहरातले लोक त्यांना गिनीपिग म्हणतात आणि पिंजऱ्यात ठेवून लाड करतात. आमच्या त्या चुलीखालच्या कोनाड्यात राहतात, सालपटं खातात, सणाला ताटात येतात. कासिमिराच्या आईनं लेकीच्या पाठीवरच्या शालीत नऊ माद्या बांधून दिल्या होत्या. तिचं म्हणून जगात तेवढंच होतं. नवऱ्याशी पटलं नाही तर बाई त्या शालीत घालून निघू शकते, हे सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून घरात तिला जरा भाव असतो.

आणि त्या नऊजणींना खरूज लागली होती. कानामागचे केस गेलेले, पाठीवर पांढऱ्या खपल्या, आणि खाजवून खाजवून रक्त. हात लावला की किंचाळून आडव्या पडायच्या.

"घराची पीडा जनावर अंगावर घेतं," तोरिबिया म्हणाली. "तुझ्या पायानं पीडा आली, म्हणून यांची ही दशा. पौर्णिमेच्या आत खड्ड्यात घाल. नाहीतर मी घालते."

"पीडा माझ्या पायानं नाही आली. तुमच्या बहिणीकडून मागून आणलेल्या नराच्या पाठीवर बसून आली. तो आला तेव्हाच त्याच्या मानेवर केस नव्हते."

मग भांडं आपटल्याचा आवाज आला. नवरा एलेउतेरियो तिथेच होता, पण त्याच्या तोंडात कोकाची पानं होती, आणि तोंडात पानं असली की माणसाला बोलता येत नाही म्हणे.

दुसऱ्या दिवशी कासिमिरा माझ्या दारात उभी. "तू सगळं ऐकलंस ना?"

"नाही गं."

"कानाला माती लागलीय तुझ्या. चल, धरायला ये."

तारवी या कडू कडधान्याचे दाणे उकडून त्यांचं पाणी मेंढ्यांच्या उवांवर ओततात, हे आमच्याकडे कुठलाही मेंढपाळ सांगेल. पण चुलीखालच्या कुव्यांना आंघोळ कोण घालतं? कासिमिरानं घातली. भर दुपारी, ऊन डोक्यावर असताना, कारण थंडीत भिजलेली कुवी रात्रीपर्यंत जगत नाही. पाणी कोमट, तोंड वर धरायचं, कारण ते पोटात गेलं तर खरजेआधी कुवीच जाईल. मी धरायची, ती बोटांनी खपल्या भिजवायची, मग फडक्यानं पुसून उन्हात गोणपाटावर ठेवायची.

बाया कुंपणावर रेलून हसत होत्या. "कासिमिरा, यांना पाद्र्याकडे कधी नेणार, बाप्तिस्म्याला?"

"तुमच्या नवऱ्यांची आंघोळ झाली की."

चार दिवसांत खपल्या सुटल्या. खालची कातडी गुलाबी दिसायला लागली. माझी तर छाती फुगली, जणू मीच पाणी उकळलं होतं. आणि पुढच्या आठवड्यात सगळ्या पुन्हा खाजवायला लागल्या. दोन मेल्या. तोरिबिया अंगणात जाऊन खड्डा खणायची पहार भिंतीला टेकवून आली. पौर्णिमेला अकरा दिवस उरले होते.

कासिमिरा रडली नाही. दुपारभर चुलीसमोर उकिडवी बसली आणि कोनाड्याकडे बघत राहिली. मला वाटलं डोकं फिरलं. संध्याकाळी वाकडकानी नावाची मादी घेऊन माझ्याकडे आली. एक कान लहानपणी कुणीतरी कुरतडलेला, म्हणून वाकडकानी. "ही तुझ्याकडे ठेव. फुटक्या मडक्यात, नव्या गवतावर. माझ्या घरातली एक काडी यात पडता कामा नये."

"आणि बाकीच्या?"

"बाकीच्या तिथंच."

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघींकडच्या कुव्यांना तिनं एकाच वेळी, एकाच पाण्यानं न्हाऊ घातलं. पाचव्या दिवशी तिच्याकडच्या खाजवत होत्या. माझ्या मडक्यातली आरामात गवत चघळत होती.

आता इथं एक सांगायला हवं. आमच्याकडे कोनाडा झाडताना जुनं गवत सगळं काढत नाहीत. मूठभर मागे ठेवतात, आणि नवं गवत त्यावर पसरतात. त्या मुठीत घरातल्या कुव्यांचं नशीब असतं. ती गेली तर पिल्लं होत नाहीत. माझ्या आजीनं ठेवली, आईनं ठेवली, मीही ठेवत होते. कासिमिरानंही पहिल्या आंघोळीच्या वेळी मन लावून ठेवली होती. खपल्या गळल्या त्या सगळ्या त्याच गवतात, आणि तिनं धुतलेली जनावरं उचलून परत त्यावर बसवली.

सहाव्या दिवशी तिनं ती मूठ उचलली आणि चुलीत टाकली.

तोरिबियाची किंकाळी ऐकून अर्धी वाडी गोळा झाली. "हिनं नशीब जाळलं! माझ्या सासूच्या सासूपासूनचं नशीब!"

कासिमिरा रिकाम्या कोनाड्यात किडे मारायला गरम राख ओतत होती. मागे वळूनही न बघता म्हणाली, "जे नशीब खाजवतं, ते मला नको."

"पिल्लं नाही व्हायची! एकसुद्धा नाही व्हायचं!"

"नाही झाली तर पहार आहेच भिंतीला. मग त्या खड्ड्यात मला घाला. पण आज मी यांना मारू देणार नाही. आणि एलेउतेरियो, तू ती पानं थुंक आणि बोल. कुणाकडून आहेस?"

सगळी वाडी त्याच्या तोंडाकडे बघायला लागली. त्यानं खरंच पानं थुंकली. तोंड पुसलं. म्हणाला, "गवत आणायला जातो." आणि विळा घेऊन गेला. त्याच्या उभ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं भाषण ते.

पहिल्या आंघोळीनंतर दहाव्या दिवशी दुसरी आंघोळ लागते, हेही तिनंच शोधलं. जिवंत किडे मरतात, अंडी राहतात, ती फुटली की पुन्हा तेच. मडक्याच्या वेळच्या आंघोळीनंतरची ही दुसरी आंघोळ पौर्णिमेच्या दिवशी पडली. तोरिबिया सकाळपासून पहारीजवळ बसून होती. कासिमिरानं तिच्यासमोर एकेक कुवी उचलून पोटाकडून, पाठीकडून, कानामागून दाखवली. सातच्या सात. म्हातारीनं प्रत्येकीचे केस फुंकून बघितले, जरा जास्तच वेळ, आणि उठून पहार घेऊन मिरचीचे वाफे खणायला गेली.

पिल्लं? कार्निव्हलच्या सणापर्यंत एवढी झाली की तोरिबियाच पाहुण्यांना सांगायची, आमच्या घराचं नशीबच तसं आहे. कासिमिरा ऐकायची आणि मक्याचे दाणे भाजत राहायची. वाकडकानी मात्र तिनं कधीच ताटात वाढली नाही. सात वर्षं जगली ती, शेवटी दात गेले तेव्हा कासिमिरा तिला हिरवं गवत चावून भरवायची. तोरिबिया म्हणायची, "मला म्हातारपणी एवढं कर म्हणजे झालं." तिनं तेही केलं.

मग कुणाच्या घरी कुव्या खाजवायला लागल्या की लोक तिला बोलवू लागले. पत्र्याची बादली, फडकं, आणि तीच तिखट जीभ. आधी कोनाडा रिकामा करायची, मग पाण्याला हात. कुणी कुरकुरलं तर बादली उचलून परत निघायची. एकदा शहरातून जनावरांचा डॉक्टर आला, तरुण, चांगला मुलगा. म्हणाला, "ममा, आता सुई आहे. एक टोचली की काम झालं."

"टोच की. सुई चांगली आहे, मी बघितलंय. पण तुझी सुई गवत जाळते का?"

पोरगा हसला आणि वहीत लिहून घेतलं. पुढच्या गावात तो आधी कोनाडे रिकामे करायला लावतो, असं कानावर आलं.

माझ्या थोरल्या लेकीला नाव ठेवताना पाणी तिनं घातलं आणि पोरीची धर्ममाता झाली, तेव्हापासून आम्ही एकमेकींना कोमाद्रे म्हणायचो. गेल्या ऑगस्टमध्ये ती गेली. चालत्या पायांनी गेली, चूल पेटवता पेटवता. त्याच्या तीन दिवस आधी माझ्याकडे आली होती. माझ्या कुव्यांची दुसरी आंघोळ होती.

पाठ वाकलेली, पण बादली मला घेऊ दिली नाही. पाण्यात कोपर बुडवून बघितलं. "गार आहे. तुला घालायची का आंघोळ, की कुव्यांना?" मी पुन्हा गरम केलं. आम्ही अंगणात बसलो, मी धरायची, ती चोळायची, पन्नास वर्षांपूर्वीसारखं. अकरा होत्या. उन्हात गोणपाटावर ओळीनं बसवल्या. मग ती आत गेली, वाकून कोनाड्यात हात फिरवला. बोटांना राख लागली, काडी लागली नाही.

बाहेर येऊन माझ्यासमोर उभी राहिली.

"कोमाद्रे, शालीतली मूठ काढ."

"कसली मूठ?"

"पन्नास वर्षं झाली. प्रत्येक वेळी ठेवतेस."

मी शालीच्या टोकातून कोनाड्यातलं मूठभर जुनं गवत काढलं. काय करू, आजीची सवय. तिनं ते माझ्या हातातून घेतलं, चुलीत टाकलं, पूर्ण जळेपर्यंत उभी राहिली. मग बादलीतलं उरलेलं पाणी कुंपणाबाहेर ओतलं, फडकं पिळलं आणि उताराच्या वाटेनं घरी गेली.