उजेड झाडावर गेला

आधीच सांगतो, भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आयुष्यभर टिंगल केली आहे. आमच्या मोर्शीकडे प्रत्येक चिंचेवर कुणी ना कुणी बसवून ठेवलेलं आहे. मी त्याच चिंचेखाली जीप लावून डबा खायचो. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटते आहे... तरी लिहितो.

संत्र्याच्या बागा पाण्यावाचून वाळत होत्या, त्या वर्षांतली गोष्ट. आमचं बागेतलं घर सातपुड्याच्या पायथ्याशी, मोर्शीपासून बारा किलोमीटर. त्यातले शेवटचे चार म्हणजे शेतातली वाट. माझ्या जुन्या फोर-व्हील जीपचे हेडलाइट असून नसल्यासारखे. म्हणून जास्तीचे दोन दिवे बसवायला परतवाड्याला रऊफभाईंकडे गेलो. ऑटो इलेक्ट्रिशियन, हात सोन्याचा, पण गिऱ्हाइकाचं ऐकायचं नाही अशी जणू शपथ घेतलेली. मला हवे होते पांढरे, मोठ्ठे, समोरच्याचे डोळे दिपवणारे. त्यांनी ते हातात घेतले आणि परत खोक्यात ठेवले. पावसात पांढरा उजेड उलटा आपल्याच तोंडावर येतो म्हणाले, आणि एवढा लोड तुमच्या वायरिंगला झेपणार नाही. शेवटी जाड काचेचे पिवळे दिवे, पाणी शिरू नये म्हणून आत रबर, वेगळा रिले, वेगळा फ्यूज. मी धुसफुसत कबूल झालो.

मग जीप भिंतीसमोर उभी करून त्यांनी खडूनं खुणा केल्या.

"भाऊ, मांगं वजन किती रायते?"

मी सांगितलं, काहीच नाही, मी एकटाच फिरतो.

"मंग रिकाम्या गाडीवर रोख लावून देतो. पण मांगं बोजा पडला का उजेड झाडावर जाईन. मंग मले बोलू नका."

नट आवळून त्यांनी प्रत्येक नटावर लाल नेलपॉलिशची रेघ ओढली. नट हलला तर रेघ तुटलेली दिसावी म्हणून.

ऑगस्टमधली संध्याकाळ. माझी सहा वर्षांची रेवती दोन दिवस तापानं फणफणली होती. दिवेलागणीला तिला झटका आला. डोळे पांढरे, दातखीळ. बायकोनं, सुनीतानं, तिला कांबळ्यात गुंडाळून मांडीवर घेतलं, दोघी पुढच्या सीटवर, आणि मी जीप काढली. मागे फक्त जॅक आणि एक रिकामं पोतं. पाऊस आमच्याकडे भुरभुर, वर डोंगरात मात्र काळंकुट्ट.

पहिला किलोमीटर दिवे झकास. एकेक खड्डा दिसत होता. मग उजेड वर सरकायला लागला... हळूहळू. आधी बाभळीच्या बुंध्यावर, मग फांद्यांवर, मग थेट शेंड्यावर. समोर वाट नाहीच, नुसता अंधार. दिव्यांचं ब्रॅकेट सैल झालं असेल म्हणावं, तर हेडलाइटही वरच. स्टिअरिंग हलकं लागत होतं, इंजिन कण्हत होतं. शेवटी पहिल्या गिअरमध्येही ओढेना. थांबावं लागलं.

उतरून मागे गेलो. मागे कुणी नव्हतं. पण पाट्यांची स्प्रिंग सपाट झाली होती, टायर दबून बाजूंनी फुगले होते. हात लावून पाहिलं. चाक रुतलं असेल असं कुणीतरी म्हणणारच, तर सांगून ठेवतो, तिथे कडक मुरूम आहे. दहा-बारा पोती भरल्याशिवाय ती स्प्रिंग तशी होत नाही.

मी त्या रिकाम्या जागेकडे पाहून ओरडलो, "जो कोन बसला असन, उतर खाली. माही पोरगी मरून राहिली." आणि एक शिवी दिली. इतकी घाण की इथे लिहीत नाही.

पुढून सुनीताचा आवाज आला, "अहो, टॉर्च घेऊन पुढं पायी पाहून या. मले काही बरोबर वाटून नाही राह्यलं."

तिच्यावरही डाफरलो, पण गेलो. वीस पावलं असतील. पुढे नाल्यावरचा बुटका सिमेंटचा रपटा, दुपारी मी त्यावरून कोरडा आलो होतो. तो नव्हता. अर्धा वाहून गेला होता, आणि गढूळ पाणी ओंडके घेऊन पळत होतं. थांबलो नसतो तर तिघंही त्यात असतो.

कसाबसा परत आलो. जीप मागे घेतली, तर ती सहज आली. उजेड खाली, जागच्या जागी. शेजाऱ्याची बाग त्या उन्हाळ्यात वाळली होती, झाडं तोडून झाली होती. त्या खुंटांमधून, पिवळ्या उजेडात एकेक खुंट चुकवत, पलीकडच्या पुलाच्या रस्त्याला लागलो. मोर्शीच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. पहाटे रेवतीनं पाणी मागितलं.

आठवड्यानं रऊफभाईंना दिवे दाखवले, उजेड झाडावर गेल्याचं सांगितलं. लाल रेघा जशाच्या तशा. मागे काय भरलं होतं, त्यांनी विचारलं. मी कांद्याची पोती म्हणालो. खोटं बोललो.

रेवती आता अकोल्याला नोकरी करते. रपटा कसा गेला ते मला समजतं, उजेड वर का गेला तेही समजतं. वजन कुणाचं होतं, ते मात्र समजत नाही. कितीतरी वेळा त्या वाटेवर जीप थांबवून मागे वळून बसलो आहे. माफी मागायची आहे, पण नाव माहीत नाही... आणि ती शिवी तर दिलेलीच आहे.